दिसतंय म्हणजे झोपलोय

माझे वडील महाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. काचबिंदूनं त्यांची नजर आधी कडेनं खाल्ली आणि मग मधून. आम्हा घरच्यांच्या लक्षात यायच्या आधी ते वर्गातल्या मुलांना कळलं होतं. फळ्यावर घडा काढताना बाबांची रेघ फळा सोडून भिंतीवर जायची आणि एरवी कशालाही हसणारी मुलं तेव्हा गप्प बसायची. मुंबईचे डॉक्टर करून झाले, शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात घालायचे थेंब सुरू झाले. पण गेलेलं परत येणारं नव्हतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्यांना घरातली खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच काय ते कळायचं.

बाबांनी त्याचा बाऊ केला नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली. चालताना हात कुठे धरायचा हे मला एकदा दाखवून दिलं. "दंड धर, मनगट नको. मनगट धरलंस की चोर पकडल्यासारखं वाटतं." बाजारपेठेत लोक थांबून हळहळायचे, तेव्हा ते विषय बदलून समोरच्याच्याच घरची चौकशी करायचे. मला त्या वयात हे सगळं सोपं वाटायचं. वाटायचं, बाबांना तेवढं काही वाटतच नसेल.

मग एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "आज मी लाल पाहिला."

आईनं हातातली गाळणी तशीच भांड्यावर ठेवली. तिला वाटलं, थेंबांनी गुण आला.

"कुठे पाहिलात? केव्हा?"

"स्टँडवर. एसटी उभी होती. वर धूळ बसलेली, आणि कोणीतरी बोट फिरवून धुळीत नाव लिहिलेलं. त्या अक्षरांतून खालचा लाल दिसत होता. काय लाल होता तो!"

"म्हणजे स्वप्नात," आई म्हणाली आणि गाळणी उचलली.

"स्वप्नात. पण ऐक ना. मी त्या गाडीकडे बघत होतो आणि मनात आलं, अरे, मला तर दिसत नाही. मग हे दिसतंय कसं? मला दिसतंय म्हणजे मी झोपलोय! असं म्हटलं मात्र, आणि सगळं विझलं. जाग आली." त्यांनी बशीत ओतलेला चहा तसाच धरून ठेवला होता. "आणखी थोडं थांबता आलं असतं तर नाव वाचलं असतं."

पुढचे कितीतरी दिवस बाबा त्या गाडीबद्दल बोलत राहिले. पुन्हा एकदोनदा तसंच झालं. काहीतरी दिसायचं, दिसतंय हे लक्षात यायचं आणि लक्षात आल्याबरोबर आनंदानं जाग यायची. हातातोंडाशी आलेला घास जावा तसं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो पुण्याला मानसशास्त्र शिकत होता. फराळाचं ताट पुढे यायच्या आत बाबांनी त्याला एसटीची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुमच्या शास्त्रात याला काही म्हणतात का रे?"

"म्हणतात, सर. जागं स्वप्न म्हणा. झोपलेलं असताना कळतं की आपण स्वप्नात आहोत. लोक शिकतातसुद्धा हे."

बाबा पुढे सरकून बसले. "शिकतात कसं?"

"हे माझं वाचीव ज्ञान आहे, हां. मला स्वतःला जमलेलं नाही," तो म्हणाला. "आडवं पडायचं, अंगाला झोपू द्यायचं आणि मन तेवढं जागं ठेवायचं. पण अडथळा मनाचा कमी आणि अंगाचाच जास्त असतो. झोपायच्या आधी अंग जणू चाचपून बघतं, मालक जागा आहे का. नाकाला खाज येते, तोंडात लाळ साठते, कूस बदलावीशी वाटते, पाय आपोआप उडतो. तुम्ही खाजवलंत की संपलं. पुन्हा पहिल्यापासून. आणि एवढं करून स्वप्नात पोचलात, तर तिथे खूश व्हायचं नाही. खूश झालात की जाग येते. दृश्य फिकं व्हायला लागलं तर तळहात एकमेकांवर घासायचे. म्हणजे स्वप्नातले तळहात."

"आणि माझ्यासारख्याला किती दिवस दिसतं हे? स्वप्नात?"

त्यानं उचललेली करंजी ताटात परत ठेवली. मग खरं बोलला. "ज्यांची नजर मोठेपणी जाते त्यांना बरीच वर्षं स्वप्नात दिसत राहतं, सर. पण हळूहळू कमी होत जातं म्हणतात. कोणाचं किती टिकेल ते सांगता येत नाही."

"बरं झालं सांगितलंस," बाबा म्हणाले. "फराळ घे."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी मधल्या खोलीतल्या कॉटवर अंग टाकलं आणि आम्हाला सांगितलं, की चहाच्या वेळेपर्यंत मी शाळेत आहे असं समजा.

दुपारची झोप त्यांना आधीपासून होती. आता मात्र ती झोप राहिली नाही, तालीम झाली. मी दाराशी पुस्तक घेऊन बसायचे आणि बघायचे. सुरुवातीला काही म्हणजे काही जमलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना नाकाच्या शेंड्यानं छळलं. एरवी दिवसभर ज्या नाकाची आठवणही नसते, ते नाक कॉटवर पडलं की पेटायचं. नाक शांत झालं की घसा. उताणं झोपलं की लाळ घशात साठते आणि गिळावीच लागते. गिळली की तो आवाज स्वतःच्याच कानात दगड पडल्यासारखा येतो. लाळेवरचा उपाय त्यांना सापडला. ते कुशीवर झोपायला लागले, मग गिळायची गरज उरली नाही. पण कुशीवर झोपल्यावर खालचा हात बधिर व्हायचा. मग हात उशीखालून पुढे काढला. घड्याळ काढून ठेवलं. लेंग्याची नाडी सैल केली. दुपारचा भात निम्मा केला, कारण भरल्या पोटी एक तर गाढ झोप लागायची, नाही तर पोट गुरगुरायचं.

भात कमी केल्याचा आईला फार राग आला. "स्वप्नं बघायला उपास करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली. पण कुकरच्या शिट्ट्या तिनं सकाळीच उरकायला सुरुवात केली.

मीही एकदा करून बघितलं. शेजारी चटई टाकून पडले आणि ठरवलं की काही झालं तरी हलायचं नाही. ठरवता क्षणी टाळूपासून टाचेपर्यंत सगळीकडे मुंग्या चालायला लागल्या. कानामागे तर कोणीतरी पीस फिरवतंय असं वाटलं. मी दात आवळून पडले, आणखी थोडा वेळ काढला आणि मग दोन्ही हातांनी कराकरा खाजवलं.

बाबा कॉटवरून हसले. "मी ऐकतोय."

"तुम्हाला येत नाही का खाज?"

"येते की. मीही असाच आवळून धरत होतो. आवळलं की ती वाढते." मग ते उठून बसले. शिकवायचं असलं की ते नेहमी उठून बसत. "आता मी ती काढतो."

"काढता म्हणजे?"

"चित्रात काढतो. समोर घडा ठेवला तर आपण काय करतो? आधी बघतो, कडा कुठे आहेत. मग उजेड कुठे, सावली कुठे. तसंच. खाज आली की मी तिच्या कडा शोधतो. कुठे सुरू होते, कुठे संपते. मधे जास्त असते, कडेला विरळ होत जाते. आकार गोल नसतो तिचा, लांबट असतो, आणि हलतो. मी मनातल्या मनात पेन्सिल घेतो आणि सावकाश काढायला लागतो. चित्र अर्धं होईपर्यंत ती निघून जाते. एकही धड पुरं होऊ दिलं नाही तिनं."

मी आजवर त्यांना पुष्कळ शिकवताना पाहिलं होतं, पण स्वतःच्याच अंगाला समोर ठेवून असं शिकताना पाहिलं नव्हतं. माणूस आंधळा झाला की त्याच्याकडून काही नवं होणं संपलं, अशी एक समजूत लोकांच्या बोलण्यातून माझ्यातही कुठेतरी शिरली होती. त्या दुपारी ती निघाली.

खाज काढता येत होती, पण महाड काढता येत नव्हतं. हमरस्त्यावरून ट्रकचे हॉर्न यायचे. कोपऱ्यावरच्या कॅसेटच्या दुकानात दुपारी हटकून गाणी लागायची. वीज गेली की पंखा बंद, आणि पंखा बंद झाला की घाम आणि डास. शेजारच्या चाचींनी, त्यांचे यजमान दुबईला असत, आपल्याकडची मोठी मच्छरदाणी आणून दिली. "सर झोपेत अभ्यास करतात म्हणे," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "करू देत. इथे जागेपणी कोण करतो?" डासांचा प्रश्न सुटला. हॉर्नचा सुटला नाही. बाबा झोपेच्या अगदी काठावर पोचायचे, डोळ्यांपुढे ठिपके आणि रेघा नाचायला लागायच्या आणि एखादा ट्रक त्यांना मागे ओढायचा.

शेवटी थंडी पडल्यावर बाबा आणि मी पोलादपूरला आत्याकडे राहायला गेलो.

आत्या बाबांहून मोठी. विधवा होती, मुलं मुंबईला, आणि रस्त्यापासून बरंच आत, सावित्री नदीच्या अंगाला तिचं कौलारू घर. ती एकटी राहायची म्हणजे दोन म्हशी, कोंबड्या आणि येणारंजाणारं सगळं गाव धरून एकटी. भावाची नजर गेल्याचं तिनं फार मनाला लावून घेतलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "माजा चेहरा दिसतो का रे तुला थोडा तरी?"

"नाय गो आक्का," बाबा म्हणाले. तिच्याशी बोलताना त्यांची शाळेतली भाषा गळून पडायची. "म्हणूनच तर आलोय. तुझ्याकडे झोपायला."

काय करायला आलोय हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण तिला ते कितपत कळलं हे दुसऱ्या दिवशी दुपारी समजलं.

बाबा पडवीत घोंगडीवर निजले होते. मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. एकदम आत्याची किंकाळी आली. "अगो, धाव गो! ह्याला काय झाला बघ! ओठावर माशी बसली तरी हालत नाय हा!"

मी धावत गेले. आत्या बाबांचे खांदे धरून गदागदा हलवत होती आणि रडत होती. बाबांनी डोळे उघडले. क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत ते समजेना. मग ते हसायला लागले, इतके, की त्यांना ठसका लागला.

"मेल्यावानी पडतोस आणि वर हसतोस?" आत्या भडकली.

"आक्का, मी तुझ्या अंगणात उभा होतो," बाबा म्हणाले. "तुझी म्हैस बघत होतो. तिच्या शिंगावर ऊन होतं. तेवढ्यात म्हैस तुझ्या आवाजात ओरडायला लागली."

आत्यानं डोळे पुसले. "माजी म्हैस बघितलीस? खरंच?"

"खरंच."

"कंची? काळी का भुरी?"

"भुरी. डाव्या शिंगाचं टोक तुटलंय तिचं."

आत्यानं हात जोडले. त्या म्हशीचं शिंग तुटून पुष्कळ वर्षं झाली होती आणि बाबांनी नजर असताना ते पाहिलेलं असणार, यात काही चमत्कार नव्हता. बाबांनीही तिला लगेच तसं सांगितलं. पण त्या दिवसापासून आत्या बदलली. जेवणं झाली की ती हातात काठी घेऊन पायरीवर बसायची. कोंबड्या हाकलायची, कुत्र्याला दटावायची. कोणी बाई गप्पांना आली तर दुरूनच खूण करायची, "भाऊ कामाला गेलाय, मागनं ये." ती स्वतः गप्प बसायला शिकली. माझ्या मते त्या घरातलं ते सगळ्यात अवघड साधलेलं काम.

त्या शांततेत बाबांना जमलं.

ते मला उठल्याबरोबर सांगायचे, म्हणून मला त्यातलं पुष्कळ आठवतं. अंग हळूहळू जड व्हायचं, मग हात आहेत की नाहीत ते कळेनासं व्हायचं. एखादी शेवटची खाज यायची, बहुतेक भुवईत. ती काढता काढताच डोळ्यांपुढच्या रेघा जमून यायच्या आणि कशाचं तरी दार, कशाची तरी भिंत व्हायची. मग ते स्वतःशी म्हणायचे, दिसतंय म्हणजे झोपलोय, गडबड नको. दृश्य थरथरलं की तळहात घासायचे.

पहिल्यांदा नीट थांबता आलं तेव्हा त्यांनी काय पाहिलं? आपलेच हात. घासायला म्हणून पुढे घेतले आणि तेच बघत बसले.

"माझे हात म्हातारे झालेत गं," मला ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं, नवल होतं. "शिरा वर आल्यात. अंगठ्याच्या नखात निळा रंग अडकलेला होता. कोणी बोललंच नाही मला हातांबद्दल."

मी त्यांचे हात बघितले. शिरा खरंच वर आल्या होत्या. निळा रंग नव्हता.

"मी दिसले का?" मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

त्यांना खोटं सांगता आलं असतं, आणि मला ते कधीच कळलं नसतं. "दिसलीस," ते म्हणाले. "पण तू सातवीतली दिसतेस. दोन वेण्यांची. आत्ताची तू कशी दिसतेस ते माझ्याकडे नाही. मी पुष्कळ शोधलं."

महाडला परत आल्यावर आईनंही हेच विचारलं आणि तिलाही त्यांनी खरं तेच सांगितलं, की अजून नाही. "एसटी दिसते, म्हैस दिसते, आणि मी नाही!" आई म्हणाली. पण ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उगीच डबे लावत बसली. बाबा तिच्या मागोमाग भिंत चाचपत गेले आणि दाराशी उभे राहिले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. थोड्या वेळानं आईचं हसू ऐकू आलं.

त्यांचा हा खरेपणा मला सगळ्यात मोठा वाटतो. स्वप्नाला साक्षीदार नसतो. हवं ते सांगावं आणि लोकांनी थक्क व्हावं. शेजारीपाजारी विचारायला यायचेच, देव दिसला का, कोणाचा गेलेला बाप दिसला का. बाबा सांगायचे, "नाही हो. एक बादली दिसली. पण बादली फार छान होती."

वर्ष दीड वर्ष असं बरं चाललं. हळूहळू त्यांना महाडच्या ट्रकांमध्येही जमायला लागलं. हॉर्न वाजला की ते त्यालाही आकार द्यायचे, लांबून येणारा, जाड होत जाणारा आणि मग निमुळता. आणि मग एका पावसाळ्यात उजवा डोळा दुखायला लागला.

डोळ्यातला दाब वाढला होता. ज्या डोळ्याला काही दिसत नव्हतं, तोच डोळा आता रात्रंदिवस ठणकायचा. कपाळ, कानशील, वरचे दात, सगळं एकत्र. बाबा कॉटवर पडायचे आणि थोड्या वेळानं उठून बसायचे. मी बाजूला बसून होते तेव्हा एकदा ते म्हणाले, "खाज काढता येते. हे नाही काढता येत. याला कडाच नाहीत."

त्या काळात त्यांनी प्रयत्न सोडून दिला. स्वप्नांचं नाव काढलं नाही. ते चिडायला लागले, जेवण परत करायला लागले, आणि मला पहिल्यांदा त्यांच्यात इतर कोणत्याही आजारी माणसासारखा माणूस दिसला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्यांनी दाब उतरत नाही, तर डोळा काढणं हाच उपाय. नाहीतरी त्याचा उपयोग नाही.

घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "मला फोनवर घेऊन चल."

बाजारातल्या एसटीडी बूथवर मी पुण्याचा नंबर लावून दिला. त्यांचा तो विद्यार्थी आता तिथल्याच एका कॉलेजात शिकवत होता. बाबांनी काचेच्या खोक्यात उभं राहून रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मी सर बोलतोय, महाडहून. एक विचारायचं होतं. डोळा काढून टाकला तर स्वप्नातलं दिसणं जाईल का रे?"

दार उघडं होतं, म्हणून मला निदान बाबांचं बोलणं ऐकू येत होतं. ते बराच वेळ ऐकत राहिले. "हं," म्हणाले. "हं. म्हणजे ते डोळ्यानं नाही दिसत. नक्की?" मग म्हणाले, "अरे, नक्की नसलं तरी सांग. मी ठरवीन काय करायचं ते." पुन्हा ऐकलं. "बरं. सुखी राहा."

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "तो म्हणतो, स्वप्न मेंदूत दिसतं, डोळा असला नसला तरी फरक पडू नये. पण खात्री देत नाही म्हणतो."

"मग?"

"मग काय. काढून टाकू. दुखतंय फार."

शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर त्यांना कृत्रिम डोळा बसवला. त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कुठल्या रंगाचा बसवलाय?"

"तपकिरी."

"तपकिरी कळलं गं. कुठला तपकिरी? चहाचा, लाकडाचा, की गुळाचा?"

मी वाकून नीट बघितलं. "गुळाचा. जुन्या गुळाचा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि मला कळलं की बाबा परत आले.

दुखणं गेलं होतं, पण कॉटवर पडून पुन्हा सुरुवात करायला त्यांनी बराच काळ घेतला. मला वाटतं ते घाबरत होते. आईनंच एक दिवस चादर बदलली, दुपारी खिडकी लोटून घेतली आणि म्हणाली, "आज भात निम्माच वाढलाय. जा." ते गेले. त्या दिवशी काही दिसलं नाही. त्यानंतर बरेच दिवस दिसलं नाही. नव्या डोळ्याच्या खोबणीत चिकट ओल जमायची, ती नवी कटकट होती. ती कशी विसरायची ते त्यांना पहिल्यापासून शिकावं लागलं. आणि मग एका दुपारी ते उठले ते हाका मारतच.

"रंग आण! माझी जुनी पेटी आण, आणि बशी!"

त्यांनी हिरवा पाहिला होता. एक शेत होतं, भाताची रोपं उगवून आलेली, लावणीच्या आधीची. तो हिरवा त्यांना कागदावर हवा होता. मला चित्रकलेत कधी गती नव्हती. वाळलेल्या ट्यूब कापून मी रंग काढले आणि ते सांगतील तसं मिसळत गेले.

"पिवळा घाल. झाला का? कसा दिसतोय?"

"पोपटी."

"पोपटी नव्हे. किंचित लाल टाक."

"लाल? हिरव्यात?"

"किंचित. सुईच्या टोकावर बसेल एवढा. आता?"

"आता जरा... निवला."

"हां! निवायलाच पाहिजे. पण खालून उजेड आल्यासारखा हवा. पाणी वाढव."

असं आमचं दिवेलागणीपर्यंत चाललं. बशीतला रंग त्यांना दिसत नव्हता आणि त्यांच्या डोक्यातला मला दिसत नव्हता. मधे होते ते फक्त शब्द. शेवटी आई हात पुसत बाहेर आली, कागद बघितला आणि उभीच राहिली. "अगं बाई, हे तर आमच्या तुडीलचं शेत. आषाढातलं," ती म्हणाली. तुडील तिचं माहेर. कागदावर शेत नव्हतंच. नुसता हिरवा होता. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर त्यांना आणखी काही वर्षं दिसलं, पण पुण्याच्या विद्यार्थ्यानं सांगितलं होतं तसं ते विरत गेलं. आधी रंग पातळ झाले, मग आकार पुसट झाले. माझं लग्न होऊन मी महाडातच राहत होते, त्यामुळे दुपारी जाणं व्हायचं. एकदा ते उठले आणि म्हणाले, "आज नुसतं पाणी ऐकू आलं. मोठं पाणी. मी स्वप्नात होतो, पक्का जागा होतो. तळहात घासले, पण चित्र आलं नाही."

"वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आवाज ओळखीचा होता पण. शिवथरच्या धबधब्यासारखा. नेतेस का मला एकदा?"

श्रावणात एका रविवारी आम्ही जीप करून शिवथरला गेलो. घळीकडे चढताना पायऱ्या ओल्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला होता आणि वाटेत एकदाही थांबू या म्हटलं नाही. धबधब्यासमोर आलो तेव्हा तुषार अंगावर येत होते. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. त्यांच्या कपाळावरून, नाकावरून, ओठांवरून पाणी ओघळत होतं. आजूबाजूचे लोक हसत होते, चेहरे पुसत होते. बाबांनी हात उचललाही नाही.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू? पाणी पडतंय. पांढरं."

"पांढरं नव्हे. पांढरं असं काही नसतं. नीट बघ."

मी बघितलं. वर जिथे पाणी कडा सोडत होतं तिथे ते मातीसारखं पिवळसर होतं. मधे राखी होतं, आणि त्या राखीत मागच्या खडकाचा काळा मिसळत होता. अगदी खाली, जिथे ते फुटत होतं, तिथे किंचित हिरवं होतं. मी एकेक सांगत गेले. बाबा ऐकत होते, मान हलवत होते, आणि मी घाई केली की म्हणत होते, "सावकाश. कडा कुठे आहेत ते सांग आधी."